ज्याची त्याची हलीमाबी

सोलापूरच्या एका बंद सूतगिरणीत भरलेल्या ‘चौभाषा’ छायाचित्र महोत्सवाचा चौथा दिवस होता. सकाळचे साडेअकरा वाजत आले होते आणि पद्मजा गुंडेटी स्वतःच्याच फोटोकडे पाठ करून उभी होती. फोटो बघायला येणाऱ्यांचे चेहरे ती बघत होती. वीस वर्षं लग्नाचे फोटो काढून तिला ही सवयच लागली होती. नवरानवरीपेक्षा त्यांच्याकडे बघणाऱ्या माणसांच्या तोंडावर जास्त काही सापडतं, असं तिचं म्हणणं असे.

गिरणीतल्या पडद्यांचं आता कुणाला नवल उरलं नव्हतं. पहिल्या दिवशी मात्र झुंबड उडाली होती. फोटोखालची ओळ एकाच वेळी मराठी माणसाला मराठीत, शेजारच्या बाईला तेलुगूत, तिच्या पलीकडच्याला कन्नडमध्ये आणि मागच्या म्हाताऱ्याला उर्दूत दिसायची. पडद्यावर खसखशीएवढी लाखो भिंगं बसवलेली होती आणि प्रत्येक भिंग वेगवेगळ्या दिशेला वेगवेगळा उजेड सोडायचं. दारात मिळणारी मनगटपट्टी पडद्याला सांगायची, की कोण कुठे उभं आहे आणि त्याची भाषा कोणती. कंपनीनं त्याचं नाव ‘बहुमुखी पडदा’ ठेवलं होतं. चार भाषा बोलणाऱ्या शहराला हे यंत्र फार आवडलं.

पद्मजाचा फोटो महोत्सवात सगळ्यात गाजला होता. हलीमाबी नदाफ, वय एकसष्ट. गल्लोगल्ली फिरून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून देणारी बाई. फोटोत ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. डोक्यावर विरलेली पांढरी ओढणी, भुवयांवर कापसाचे तंतू, मागे तिच्या खोलीची निळी भिंत. या फोटोसमोर लोक रडत होते. शेजारी एक माणूस मावेल एवढ्या खोक्यात निरोप बोलून ठेवायची सोय होती, तिथे रांग लागत होती.

कॉलेजातल्या दोन मैत्रिणी फोटोपुढे थांबल्या.

“टिकली किती बारकी लावलीय बघ,” एक म्हणाली.

“टिकली कुठाय? गोंदलंय ते.”

“चष्मा बदल तू!”

दोघी हसत पुढे गेल्या. पद्मजा वळली आणि तिनं फोटोकडे पाहिलं. हलीमाबीच्या कपाळावर टिकली नव्हती. गोंदणही नव्हतं. तिथे फक्त तीन आडव्या सुरकुत्या होत्या.

क्षणभर तिनं ते सोडून दिलं. मग तिची नजर स्वतःच्या मनगटाकडे गेली. तिची पट्टी लाल होती, कलाकारांना दिलेली. पाहुण्यांच्या पट्ट्या पांढऱ्या होत्या.

दारावर इरम्मा पहारा देत होती. गिरणी चालू असताना तिनं इथेच बारा वर्षं सूत गुंडाळलं होतं.

“इरम्मा, तुझी पट्टी जरा दे मला. पाच मिनिटं.”

“काय झालं, अक्का?”

“काही नाही. बघायचंय एक.”

लाल पट्टी काढून पद्मजानं पांढरी चढवली आणि ती परत फोटोसमोर येऊन उभी राहिली. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग पडदा हलकेच थरथरला.

समोर दुसरीच बाई होती. डोळे हलीमाबीचेच होते, बसणंही तसंच. पण नाक थोडं रुंद झालं होतं, हनुवटी गोल झाली होती. ओढणीचा इरकली पदर झाला होता, कपाळावर हिरवट गोंदण होतं आणि भिंतीचा निळा रंग पिवळट पडून तिथे देवीची तसबीर आली होती. भुवयांवरचा कापूस आता ज्वारीच्या पिठासारखा वाटत होता. ती बाई इरम्माची थोरली बहीण म्हणून सहज खपली असती. खालच्या ओळीत नाव नव्हतं. लिहिलं होतं, ‘या शहरातली एक कष्टकरी बाई. तीस वर्षं ज्यांच्या घरी ती राबली, त्यांच्या सोसायटीचं फाटक आता तिच्यासाठी उघडत नाही.’

खात्री करून घ्यायची म्हणून तिनं इरम्माची पट्टी परत केली, बाहेर जाऊन साध्या पाहुण्यांच्या रांगेत उभी राहिली, नाव, भाषा आणि वस्ती सांगून स्वतःसाठी पांढरी पट्टी घेतली. पहिल्या दालनात चाळीस अनोळखी चेहरे लावलेले होते. सगळे तिथूनच पुढे जायचे. ती त्यांच्यावरून नजर फिरवत गेली आणि परत आपल्या फोटोपुढे येऊन थांबली.

पडद्यावर तिची आई होती.

नीट पाहिलं तर आई नव्हती. पण कानातली फुलं, नाकातली खड्याची चमकी, केसांचा मधला भांग आणि ओठ मिटायची ती किंचित वाकडी तऱ्हा, हे सगळं तिच्या लहानपणच्या विणकर वसाहतीतलं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. या बाईसाठी काहीही करावं, असं तिला वाटलं. आणि हा फोटो आपणच काढला आहे, हिचं नाव हलीमाबी आहे, हे माहीत असूनसुद्धा ते वाटणं थांबेना. याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

महोत्सवाचे संचालक प्रसन्न वळसंगकर गिरणीच्या जुन्या हजेरी-खोलीत बसत. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या टँकरवरून दोन वस्त्यांत दगडफेक झाली, तेव्हा हा माणूस मध्ये जाऊन उभा राहिला होता. एक दगड लागून त्यांच्या डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. त्यानंतर वर्षभर घरोघरी जाऊन त्यांनी हा महोत्सव उभा केला होता. पद्मजाला त्यांच्याबद्दल आदर होता.

“सर, माझा फोटो बदललाय कुणी?”

वळसंगकरांनी हातातला कागद खाली ठेवला. आश्चर्य वाटल्याचं सोंग त्यांनी केलं नाही.

“बस, पद्मजा.”

“बसत नाही. सगळ्यांचेच बदललेत का?”

“माणसांचे आहेत तेवढे. कंपनी त्याला ‘आत्मछटा’ म्हणते. पहिल्या दालनात तुमची नजर कुठल्या चेहऱ्यांवर रेंगाळते, ते पडदा मोजतो. तुमची भाषा, वस्ती त्याला माहीत असते. मग पुढच्या प्रत्येक चेहऱ्यात तो तुमच्या माणसांची थोडी छटा मिसळतो. थोडीच. डोळे तो बदलत नाही.”

“आणि नाव?”

“नाव वाचलं की लोक चेहरा बघत नाहीत.”

“सर, ती हलीमाबी आहे! तिच्या नावासकट.”

वळसंगकर उठले. त्यांनी खिडकी लावून घेतली. बाहेरच्या गर्दीचा आवाज एकदम कमी झाला.

“ऐक. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही अर्ध्या लोकांना मूळ फोटो दाखवले. तुझ्या फोटोसमोर माणूस सरासरी किती वेळ थांबला, माहितीये? चार सेकंद. एकानं निरोपात काय बोलून ठेवलं, ते तुला ऐकवत नाही. उरलेल्या अर्ध्यांना छटा मिसळलेला फोटो दाखवला. ते एक्कावन्न सेकंद थांबले. रडले. ‘आम्हाला काही करता येईल का’ म्हणून विचारलं. चार सेकंदांत कुणाचं मन बदलतं, सांग मला?”

“पण ते हलीमाबीसाठी रडतच नाहीयेत.”

“आज नाही. ठरलं असं होतं, की रोज छटा थोडी थोडी उतरवायची. पाचव्या दिवशी सगळ्यांना खरा फोटो, खरं नाव. तोवर त्या डोळ्यांशी ओळख झालेली असेल. परकं माणूस हळूहळू आपलं होईल.”

“मग उतरवली का?”

वळसंगकर लावलेल्या खिडकीची कडी चाचपू लागले.

“सर, उतरवली का?”

“काल थोडी उतरवून पाहिली. तासाभरात थांबायचा वेळ निम्म्यावर आला. कंपनीनं परत चढवली.” त्यांनी चांगला डोळा चोळला. “चार वाजता पाच शहरांचे प्रतिनिधी येतायत. त्यांना हा महोत्सव आपापल्या गावात न्यायचाय. पद्मजा, त्या गावांतही दगडं पडलीत. आज रिकामी दालनं दाखवू त्यांना?”

“तीन वाजता मी हलीमाबीला बोलावलंय. स्वतःचा फोटो बघायला.”

आता वळसंगकरांचा चेहरा उतरला. “तिला लाल पट्टी देऊन ठेव. नाहीतर उद्या बोलव. आज नको.”

“का? तिला काय दिसेल?”

पद्मजानं तिथूनच हलीमाबीला फोन लावला. घंटी वाजत राहिली, उचलला सुनेनं. “अम्मी तो कबके निकल गए,” ती म्हणाली. “घर में दम नै निकल रा था उन का.”

पद्मजा धावत सुटली. दारात इरम्मानं हात करून सांगितलं, “तुमची फोटोवाली मावशी आली की, अक्का! तुम्ही बोलावलंय म्हणाली, आत सोडलं मी. पांढरी पट्टी बांधली हातात.”

हलीमाबी फोटोसमोर पोचली होती. ठेवणीतली मोरपंखी साडी, वर धुतलेली ओढणी, हातात कापडी पिशवी. ती पडद्याकडे बघत होती, आणि आनंद होण्याऐवजी तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

“बेटा,” पद्मजा दिसताच ती हळू आवाजात म्हणाली, “हे मी नाही. आमच्यातलीच कोणतरी दिसायली. गोरी हाय, नाकात मोठी नथनी हाय. माझा फोटो दुसरीकडे लावलाव का?”

तिला तिच्याच लोकांची छटा मिसळून दाखवली जात होती. सगळ्या गिरणीत हलीमाबी कुठेच नव्हती, हलीमाबीसाठीसुद्धा.

पद्मजा काही बोलणार, एवढ्यात निरोपाच्या खोक्यातून एक वयस्कर बाई बाहेर आल्या. पांढरं पातळ, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात ओला रुमाल. त्या परत फोटोपुढे आल्या आणि डोळे पुसत बघत राहिल्या. हलीमाबी त्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये येत होती.

“जरा बाजूला होता का?” त्या वर न बघताच म्हणाल्या. “मला नीट दिसत नाहीये.”

हलीमाबी चटकन सरकली. मग तिनं वळून पाहिलं.

“बिराजदार बाई?”

बाईंनी आता तिच्याकडे पाहिलं. ओळख पटायला वेळ लागला नाही. पण ओळखीबरोबर चेहऱ्यावर काहीतरी मिटलं, ते पद्मजाला स्पष्ट दिसलं. लग्नाच्या मांडवात नको असलेला पाहुणा समोर आला की चेहरे असेच मिटतात.

“हलीमाबी. तू इथे?”

“फोटो बघाया आले. तुम्ही रडायल्यात का बाई? बरं हाय ना सगळं?”

“हिच्यासाठी.” बाईंनी पडद्याकडे बोट केलं. “अगदी आमच्या बसवकल्याणच्या मावशीसारखी आहे बघ. तीस वर्षं ज्यांच्याकडे राबली, त्यांनी फाटक बंद केलं म्हणे. माणसं अशी कशी वागू शकतात?”

ते कुठलं फाटक, हे तिला माहीत होतं. त्याच फाटकाबाहेर उभं राहून हलीमाबीनं तिला बाईंची खिडकी दाखवली होती. महानंदा बिराजदार, निवृत्त शिक्षिका, दुसरा मजला, नातीची दुपटी हलीमाबीनंच भरली होती.

विचार करायला वेळ नव्हता. पद्मजानं खिशातून आपली लाल पट्टी काढली.

“बाई, हात द्या.”

“का?”

“दोन मिनिटं. कृपा करून.”

तिनं बाईंच्या मनगटावरची पांढरी पट्टी सोडली आणि लाल चढवली. बाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांना दिसणारा मावशीचा चेहरा थरथरला, विरघळल्यासारखा झाला. इरकली पदर गेला, कपाळ कोरं झालं, देवाची तसबीर मावळून भिंत निळी झाली. पांढरी ओढणी आली, खाली नाव आलं. बाईंनी नाव वाचलं. मग मान वळवून शेजारी उभ्या असलेल्या हलीमाबीकडे पाहिलं. मग परत पडद्याकडे. त्यांच्या हातातला रुमाल खाली पडला.

“हा काय प्रकार आहे?” मागून एका माणसानं विचारलं. “ताई, काय बदललंत तुम्ही?”

पद्मजानं सांगितलं. खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली होती, पण लोक जमत गेले आणि तिला आवाज चढवावा लागला. पाच मिनिटांत बातमी दालनभर पसरली. लोक एकमेकांच्या पट्ट्या बांधून बघू लागले. कुणी रागानं पट्टी तोडून फेकली. पट्टी नसलेल्याला पडदा नुसता राखाडी दिसायचा.

“आमच्या भावनांशी खेळ केला!”

“नाव लपवलं म्हणजे मुद्दामच केलंय.”

“तीन दिवस रडवलं आम्हाला हिच्यासाठी?” एक तरुण पुढे आला. त्याचं बोट हलीमाबीकडे होतं. “कुणी पाठवलंय हिला?”

हलीमाबीनं पिशवी छातीशी धरली. दारापाशी काही पोरं एकवटली होती. त्यांच्या समोर दुसऱ्या वस्तीतली चार माणसं ताठ उभी राहिली. दोन्ही बाजूंनी अजून कुणी पाऊल उचललं नव्हतं, पण आवाज बदलला होता. तो आवाज या शहरानं दोन वर्षांपूर्वी ऐकलेला होता. पद्मजा हलीमाबीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

वळसंगकर गर्दीतून वाट काढत आले आणि जुन्या यंत्राच्या सिमेंटच्या ओट्यावर चढले. त्यांनी आधी पद्मजाकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि भीतीही.

“फसवलं ते मी!” ते ओरडले. “त्या बाईला काहीच माहीत नव्हतं. फोटो काढणारीलाही नव्हतं. जे बोलायचं ते मला बोला.”

गलका थांबला नाही, पण बोटं तिकडे वळली. वळसंगकरांनी खिशातून सगळे पडदे चालवणारी एक छोटी पाटी काढली. तिच्यावर अंगठा ठेवून ते काही क्षण तसेच थांबले. त्यांनी वर्षभर जे उभं केलं होतं, ते त्या अंगठ्याखाली होतं. मग त्यांनी आत्मछटा शून्यावर आणली.

गिरणीतल्या दीडशे पडद्यांवरचे चेहरे एकदम बदलले. गलका मध्येच तुटला. आतापर्यंत ज्यांच्यात आपली आजी, आपला चुलता, आपली धाकटी जाऊ दिसत होती, ती सगळी माणसं परकी होऊन चहूबाजूंनी लोकांकडे बघत होती.

दगड पडले नाहीत. लोक निघून गेले, एवढंच झालं. काही शिव्या देत गेले, बरेचसे मुकाट्यानं. काही थोडे थांबले, फोटोंपुढे अवघडून उभे राहिले, नावं वाचली. चार वाजता पाच शहरांचे प्रतिनिधी आले तेव्हा दालनात जेमतेम तीस माणसं होती. वळसंगकरांनी त्यांना सगळं खरं सांगितलं. पुढे चौकशी झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. पाचपैकी तीन शहरांनी मात्र नंतर ते पडदे मागवले. आत्मछटेसकट मागवले, असं पद्मजाच्या कानावर आलं.

पण त्या दुपारी, गर्दी ओसरल्यावरही, बिराजदार बाई फोटोपुढून हलल्या नव्हत्या. हलीमाबी गिरणीच्या बाकावर बसून पाणी पीत होती. पद्मजा जवळच होती.

बाई बाकाजवळ आल्या. बसल्या नाहीत.

“हलीमाबी, तुला फाटकातून आत सोडू नये, या अर्जावर माझी सही आहे. सगळ्यांनी केली, मीही केली.”

“ठाऊक हाय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“वाचमननं कागद दाखवला तेव्हाच. सगळ्यात छान अक्षर तुमचं. पोरांना शिकवल्यालं अक्षर.”

बाईंचा चेहरा लाल झाला. “मी तो अर्ज मागे घ्यायला लावीन. मी बोलते सोसायटीत. एकटी पडले तरी बोलते.”

“बोला की.” हलीमाबीनं बाटलीचं झाकण लावलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, उपकार मानल्याची लकेरही नव्हती. ती उठली, पडद्याजवळ गेली आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच तिनं स्वतःचा फोटो नीट पाहिला. भुवयांवरचा कापूस, कपाळावरच्या तीन सुरकुत्या. “असं दिसते होय मी,” ती स्वतःशीच म्हणाली.

मग ती बाईंकडे वळली.

“एक विचारू का बाई? रागाला येऊ नका. खरंच कळंना म्हणून विचारते.”

“विचार.”

“मघाशी तुम्ही इतकं रडलात. ते कुणासाठी होतं?”

बाईंची नजर पडद्याकडे गेली, तिथून हलीमाबीच्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच थांबली. हलीमाबी वाट बघत उभी राहिली.